बांधावर थांबणारी शिवलीला

ज्याने माणसाला डोळे दिले आणि त्या डोळ्यांमागे एक कुतूहल ठेवले, त्याला आधी वंदन. डोळे मिटून केलेला नमस्कार त्याला पोचतो, तसा डोळे उघडून विचारलेला प्रश्नही पोचतो, अशी माझी श्रद्धा आहे. ती श्रद्धा ज्या बाईने दृढ केली, तिची कथा, सज्जनहो, आज तुमच्यापुढे ठेवतो.

तिचे नाव शिवलीला. माहेर खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठी. सासरही त्याच अंगाला. नवरा योगीराज जिगणीच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करतो, म्हणून बिऱ्हाड बंगळूरजवळ आनेकलला. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दर एकादशीला बस पकडून बसवनगुडीच्या देवळात कीर्तनाला हजेरी. मागच्या खांबाला टेकून बसते. आरती झाली की बाकीच्या बाया प्रसादाकडे वळतात, ही माझ्याकडे वळते. कारण तिला काहीतरी विचारायचे असते.

"बुवा, सुदाम्यानं पोहे लपवायला बघितलं, हे त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितलं असंल का वो?"

"बुवा, गजेंद्राचा पाय मगरीनं धरला तेव्हा बाकीचे हत्ती काय करूलालते?"

तिला प्रश्न पडतात, हे सासरी दुखणे मानले जात असे. योगीराज मात्र हसून सहन करतो. "देवळात बुवांना छळतीस, रस्त्यात रिक्षावाल्याला छळतीस. मला तेवढं सोडतीस, हे माझं नशीब," असे तो म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "तुमाला काय विचारायचं? तुमची सगळी उत्तरं मला पाठ हायत."

एका एकादशीला तिने मला विचारले, "बुवा, देव भक्ताच्या घरी जातो म्हणता. जाताना उंबऱ्यावर थांबून 'आत येऊ का' म्हणून विचारतो काय?"

मी म्हणालो, "अगं, सगळे त्याचेच आहे. त्याने कशाला विचारायचे?"

ती म्हणाली, "त्याचंच हाय म्हणून तर इचारलं."

हा प्रश्न मनाच्या खुंटीला टांगून ठेवा, सज्जनहो. पुढे लागणार आहे.

शिवलीला पूर्वी एका शिवणकारखान्यात कॉलरी शिवत असे. मान दुखू लागली तेव्हा ते काम सोडले आणि पीक पाहणीचे धरले. हे काम हंगामी. सरकार गावातल्याच काही माणसांना नेमते. त्यांनी फोन घेऊन प्रत्येक शेतात जायचे, उभे पीक कोणते आहे ते पाहायचे, त्याचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. फोटोबरोबर, फोन कुठल्या जागी उभा होता, तो ठिपकाही नकाशावर उमटतो. त्या फोटोवर आणि त्या ठिपक्यावर पुढचे सारे. पीक बुडाले तर मदत, पीक लावले तर अनुदान. शेतकरी घाम गाळतो जमिनीवर. सरकारला मात्र तो दिसतो ठिपक्यात.

शिवलीलाने या कामातही प्रश्न सोडले नाहीत. प्रत्येक शेतकऱ्याला पहिला प्रश्न एकच: "ह्या शेताचं नाव काय?" आधी लोक गोंधळत. मग सांगू लागत. आनेकलच्या आसपासच्या शेतांना नावे आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल? हुणसेमरद होला, म्हणजे चिंचेचे शेत. मुदुकीचे शेत, म्हणजे म्हातारीचे. एकाचे नाव तर 'भांडण', कारण दोन भावांनी ते भांडून मिळवले आणि दोघांनीही मग पेरले नाही. सरकारच्या फोनमध्ये फक्त सर्व्हे नंबर. नावे शिवलीलाच्या डोक्यात.

आणि तिची दुसरी एक रीत होती, जिचे कोडे तिच्या वरच्या समन्वयकाला, दयानंद नावाच्या तरुणाला, उलगडत नव्हते. उसात, भाजीत, फुलांच्या शेतात ही बाई खुशाल आत शिरे. रागीचे शेत आले, म्हणजे आपल्याकडची नाचणी, आणि ती कणसे धरण्याच्या बेतात असली, की ही बांधावर थांबे. चप्पल काढी. वाकून मातीला हात लावी. ओठ हलत. मग हात लांबवून बांधावरूनच फोटो काढी आणि पुढे जाई. तिथे ती काय पुटपुटत असे? का थांबत असे? दयानंदने एकदा विचारले, तेव्हा "तसंच असतंय आमच्याकडं" एवढेच उत्तर मिळाले. प्रश्न विचारणारी माणसे उत्तरे देण्यात अनेकदा कंजूष असतात.

आता दुसऱ्या बाईकडे येऊ.

सोयराबाई. वय सत्तरीपलीकडे. त्यांचे घराणे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर या मुलखात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या बोलण्यातला कोणता शब्द मराठी आणि कोणता कन्नड असे विचारले, तर त्या म्हणतात, "दोन्ही माझेच. तू कशाला वाटणी करतोस?" आनेकलच्या बाहेर त्यांचे दीड एकराचे शेत. नाव 'पागा'. पूर्वजांची घोडी तिथे बांधली जात. घोडी गेली, तलवारी गेल्या, जहागिरी तर कधीच गेली; लिदीने पोसलेली माती तेवढी राहिली. पती वारल्यापासून सोयराबाई स्वतः ती पेरतात. रागी, आणि रागीच्या मधून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, ओळी.

एकुलता मुलगा गिरीराज बंगळुरात एचएसआर लेआउटमध्ये राहतो, संगणकाच्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. आईवर जीव आहे त्याचा, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचे ऐकून तुम्ही त्याच्यावर अन्याय कराल. गणपतीला आई त्याच्याकडे गेली, तेव्हा जेवताना विषय निघाला.

"आई, आजूबाजूला सगळे लेआउट झाले. तुझं शेत म्हणजे पार्किंगमध्ये उभी केलेली बैलगाडी. गोदामवाला पुन्हा विचारत होता. भाड्यानं देऊन टाकू. तू इकडे राहायला ये."

"मी इकडे आले तर तिथं खुरपणार कोण? तुझी लिफ्ट?"

"प्रॅक्टिकल बोल गं. ते शेत आहे असं तुझ्याशिवाय कुणाला वाटतं?"

"बघणाऱ्याला वाटतं."

"बरं. मग मी नाही, तू नाही, तिसऱ्याला ठरवू दे." त्या वर्षी रागीसारखी भरड धान्ये पिकवणाऱ्यांना सरकारने एकरी अनुदान जाहीर केले होते. गिरीराज म्हणाला, "सरकारनं अनुदान दिलं, म्हणजे ते शेत. मी पुन्हा गोदामाचं नाव काढणार नाही. नाही दिलं, तर संक्रांतीला कागद करायचा. कबूल?"

सोयराबाईंना वाटले, पागा तर कमरेएवढी वाढली आहे. यात हरण्यासारखे काय आहे? म्हणाल्या, "सरी, बरं. कबूल."

त्या अनुदानाच्या रकमेवाचून त्या घरात कुणाची चूल अडणार नव्हती. पण पागा शेत राहणार की गोदामाची फरशी होणार, हे आता सरकारच्या एका नोंदीवर टांगले गेले. आणि माय-लेक इकडे मोदक खात असतानाच तिकडे, सज्जनहो, शिवलीला पागेच्या कडेला येऊन उभी होती.

चार दिवसांनी सोयराबाई घरी परतल्या. पुढे महिनाभराने गिरीराजचा फोन आला. आवाज जपून होता.

"आई, पाहणीचा मेसेज आलाय. आपला सर्व्हे नंबर. पीक नाही. जमीन पडीक."

सोयराबाईंनी फोन कानाशी तसाच धरून मागच्या खिडकीतून पाहिले. पागा जागच्या जागी होती. वाऱ्यावर हलत होती.

"आई? मी काही बोलत नाही हं. सरकारच बोललंय."

"मग सरकारला विचारते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेतात गेल्या, रागीची हिरवी कणसे मूठभर तोडली, पदरात बांधली आणि पाहणीच्या कचेरीत जाऊन दयानंदच्या टेबलावर ओतली.

"हे बघ बाळ. हे पडीक काय?"

दयानंद भला मुलगा. त्याने नोंद उघडली, फोटो उघडला. चक्रावला. "फोटोत रागीच आहे, अज्जी. पण हा ठिपका बघा. ठिपका तुमच्या शेतात नाही, शेजारच्या मोकळ्या जागेत पडलाय. रिकाम्या जागेत उभं राहून दुसऱ्याच्या शेताचा फोटो काढला, असं तपासणाऱ्याला वाटलं. त्यानं ठिपका धरला, फोटो सोडला."

"कुणी काढला?"

खोलीच्या कोपऱ्यात दिवसाचे काम घ्यायला आलेल्या बायांमध्ये शिवलीला बसली होती. ती उठली. जवळ येऊन तिने नकाशा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. शेजारचे शेत लेआउटवाल्यांनी घेतले होते, हे तिला ठाऊक होते. पण जेसीबीने मधला बांधही खरवडून नेला होता आणि पलीकडच्या जागेत मातीची एक लांबट ओळ सोडली होती, ते तिला कुणी सांगितले नव्हते. सांगणारी मालकीण एचएसआरला होती. त्या ओळीलाच बांध समजून शिवलीला तिच्यावर उभी राहिली होती.

"अक्का," दयानंद म्हणाला, "आत का गेला नाहीत? ट्रेनिंगमध्ये काय सांगितलं होतं?"

"शेताच्या मधोमध उभं राहून फोटो काढायचा."

"मग?"

शिवलीला खाली बघत म्हणाली, "पोटुशी होती."

"कोण?"

"पागा."

कचेरीत हशा पिकला. एकजण म्हणाला, "मग फोटो कशाला पाठवलात? सोनोग्राफी पाठवायची!" दुसऱ्याने विचारले, "डॉक्टरीण कोण, तुम्ही का?"

हसल्या नाहीत फक्त सोयराबाई. कडाकडा भांडायला आलेली ती बाई आता शिवलीलाकडे रोखून बघत होती.

"पागा हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"पलीकडच्या गोठ्यातल्या मामांना इचारलं."

"माझ्या लेकाला पण ठाऊक नाही ते," सोयराबाई म्हणाल्या. मग पदर झटकून खुर्चीत बसल्या. "हं. आता सांग. शेत पोटुशी म्हणजे काय?"

तेव्हा शिवलीलाने ते कोडे सोडवले. तिच्या गावाकडे पीक पोटऱ्यात आले, दाणा भरू लागला, की शेताला दिवस गेले असे मानतात. गर्भार बाईच्या अंगावरून परका माणूस जात नाही, तसा परका माणूस त्या शेतात शिरत नाही. घरच्यांना मोकळीक. मग आश्विनातली पुनव येते. तिला ते शिगी पुनव म्हणतात. त्या दिवशी घरातली बाई शेताची ओटी भरते. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. पुरणाचे कडबू करून त्याचे घास चारी दिशांना उधळते. ओटी भरली की शेताचे माहेरपण झाले, मग पाव्हण्यारावळ्यांनी खुशाल आत यावे. ओटी पेरणाऱ्या हातानेच भरायची, एवढा एक नियम.

"आणि बांधावर तू पुटपुटतेस ते काय?" दयानंदने विचारले. त्याचे हसू आता ओसरले होते.

"काय न्हाई वो सर. 'बाई, हितूनच बघून जातो' म्हणतो."

आमच्या सीमाभागातल्या कित्येक बायका स्वतःबद्दल बोलताना 'येतो, जातो, म्हणतो' असेच म्हणतात. दयानंदला ते ऐकून गंमत वाटली. पण त्याच्यापुढे घड्याळ होते. तो म्हणाला, "हे बघा. आक्षेप घेऊन दुरुस्ती करता येते. पण मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. नोंद तुमच्या नावावर आहे, म्हणून दुरुस्तीही तुमच्याच फोनवरून. आणि दुरुस्तीच्या फोटोत शेताच्या मधोमध तुम्ही आणि मालकीण, दोघी दिसायला हव्यात. शुक्रवार चुकला तर पडीक ते पडीक."

"पुनव सोमवारी हाय, सर."

"सरकारला पुनव नसते, अक्का."

सोयराबाई उठल्या. कणसे पुन्हा पदरात भरली. जाताना शिवलीलाला म्हणाल्या, "बाळ, तुझी रीत खोटी नाही. पण शुक्रवार गेला तर माझी पागा गोदामाखाली जाते. तू विचार कर."

विचार तर ती करतच होती. एका पारड्यात लहानपणापासून पायाला लागलेले वळण, दुसऱ्यात एका म्हातारीचे जगणे. घरी आल्यावर योगीराज म्हणाला, "तुझ्याचमुळं झालंय, तूच जाऊन काढ फोटो. दोन मिन्टांचं काम." ती म्हणाली, "दोन मिन्टांचंच हाय. पण कुणाच्या पोटावर पाय देऊन?" मग त्यानेच फोन तिच्या हातात दिला. "मग आईला इचार. तुझ्या प्रश्नांचं माहेर तिकडंच हाय."

शिवलीलाची आई भागुबाई. गावी एकटी राहते, फोनवर ओरडून बोलते.

"आये, पुनवेच्या आधी ओटी भरली तर चालतंय काय?"

"पोट दिसाय लागलं की भरायची. लेकराला काय पंचांग कळतंय? पुनव आमच्या सोयीची गं, कडबू खायला सगळी एका दिवशी जमावीत म्हणून."

"आनि आये…" शिवलीला अडखळली. "त्या मावशींचे मालक न्हाईत. त्यांनी भरली तर?"

भागुबाई म्हणाली, "पेरलं कुणी?"

"त्यांनीच."

"मग मला काय इचारतीस? शेत कपाळाचं कुंकू बघत न्हाई. हाताची माती बघतंय."

सज्जनहो, धर्मशास्त्राचे पुष्कळ निर्णय मी ऐकले आहेत. हा त्यांत कुठे बसतो, ते मी विद्वानांवर सोडतो. मला एवढेच वाटते की ज्याने मातीत बीज वाढवले, तो हे वाक्य ऐकून कुठेतरी हसला असेल.

शुक्रवारी सकाळीच शिवलीला पागेवर पोचली. पिशवीत नारळ, ओटीचे धान्य, हिरव्या बांगड्या, आदल्या रात्री केलेले कडबू. सोयराबाई शेताच्या तोंडाशी उभ्या होत्या. शिवलीलाने सारे सांगितले, तसा त्यांनी हात मागे घेतला.

"मी? नको गं बाई. मी कुणाची ओटी भरत नाही."

"तुमीच पेरलंय न्हवं?"

"पेरलं मी. पण ओटी वेगळी." त्या बांधाच्या उरल्यासुरल्या दगडावर बसल्या. "माझ्या सुनेचं, स्मृतीचं, डोहाळजेवण झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. कुणी मला नको म्हणालं नाही. मीच बाहेर गेले नाही. नातवंडाला कशाला नाट लावा? तिच्यासाठी घेतलेला खण पेटीतच राहिला."

"हाय अजून?"

"असेल."

"मग आणा की, मावशी. खण मी इसरूनच आलोय."

ती खरेच विसरली होती की मुद्दाम आणला नव्हता, हे मी तिला पुढे विचारले. तिने उत्तर दिले नाही. मघाशीच म्हणालो, उत्तरे देण्यात ती कंजूष आहे.

सोयराबाई घरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात मोरपंखी रंगाचा खण होता, घड्या पडलेला, कडूलिंबाच्या वाळक्या पानांचा वास येणारा.

दोघींनी चपला काढल्या. सोयराबाई पुढे, शिवलीला मागे. पण शिवलीलाचा पाय कडेलाच थबकला. तिने वाकून मातीला हात लावला आणि म्हणाली, "बाई, येऊ काय?"

"ये गं," सोयराबाई म्हणाल्या. शेताच्या वतीने म्हणाल्या, की स्वतःच्या, कोण जाणे.

अवरेच्या ओळीतून, रागीचे एकही ताट मोडणार नाही अशा बेताने, त्या मधोमध पोचल्या. रागीची कणसे कशी असतात? तान्ह्या मुलाने मूठ मिटावी तशी. हजारो मुठी मिटलेल्या, आणि प्रत्येक मुठीत काय आहे ते अजून कुणाला दाखवायचे नाही. त्यांतल्या एका टणक बुंध्यापाशी सोयराबाई खाली बसल्या. खण पसरला. नारळ ठेवला. बांगड्या ताटांना अडकवल्या. ओंजळीत धान्य घेतले. खणापर्यंत नेताना थोडे सांडले.

"सांडलं गं."

"सांडूद्या. तिच्याच अंगणात सांडलंय."

मग त्या भरत गेल्या. एकदा, पुन्हा, पुन्हा. ज्या हातांनी कित्येक वर्षे कुणाची ओटी भरली नव्हती, ते हात आता थांबेनात. खुरपणाऱ्या हाताला लय असते. ती लय त्या ओंजळीत उतरली. तिथे टाळ नव्हते, मृदंग नव्हता, तरी माझ्या मते कीर्तन चालले होते. आणि ज्याच्यासाठी चालले होते तो मुठी मिटून ऐकत होता.

ओटी भरून झाल्यावर सोयराबाईंनी मान वर केली आणि आश्चर्याने इकडेतिकडे पाहू लागल्या.

"शिवलीला, खाली बस. बस गं स्वल्प. आता बघ."

शिवलीला बसली. चहूकडे रागी. कंपाउंडच्या भिंती दिसेनात, लेआउटचे दगड दिसेनात, पलीकडच्या चारमजली इमारती दिसेनात. आकाश, आणि त्याच्या खाली ह्या मिटलेल्या मुठी.

"खुरपताना सगळा जन्म इथं बसले की मी," सोयराबाई म्हणाल्या, "पण नजर कायम तणावर. वर कधी बघितलंच नाही."

मग दोघी उभ्या राहिल्या. इमारती जागच्या जागी परत आल्या. शिवलीलाने हात लांब करून दोघींचा फोटो काढला. तिने नकाशाकडे पाहिले. ठिपका पागेच्या आत, अगदी मधोमध पडला होता. दुरुस्तीचे कारण लिहायला खाली शेऱ्याची एक जागा होती. तिथे तिने कन्नडमध्ये लिहिले: 'या शेताचे नाव पागा. मालकिणीची परवानगी घेऊन आत उभी आहे.' आणि पाठवून दिले.

ती तिथेच थांबली नाही. गेली तशीच दयानंदकडे, आणि म्हणाली, "सर, रागीचे माझे सगळे फोटो बांधावरूनच हायत. आनी कुणाचा ठिपका भाईर पडलाय काय बघा." त्याने कपाळाला हात लावला, पण बसून एकेक तपासले. आणखी तीन शेतांचे ठिपके बाहेर निघाले. दिवस मावळायच्या आत ती तिन्ही शेतांवर गेली. पहिल्या शेतातली बाई चकित झाली, दुसरीने घरातून हळदकुंकू आणले, आणि तिसरीकडे तर बातमी आधीच पोचली होती; ती नारळ घेऊन वाटेवरच उभी होती. "ओटीची बाई तूच ना? लवकर चल, माझीला कळा यायला लागल्यात!"

नोंद फिरली. 'पीक: रागी' असा निरोप गिरीराजच्या फोनवर आला. पुढे कार्तिक सरत असताना, कणसे पिकून तांबूस झाली आणि कापणी दोन दिवसांवर आली, तेव्हा अनुदानही जमा झाले. सोयराबाईंना फोन आला, तो मुलाने केला होता, पण बोलली सून.

"आई, माझा खण म्हणे शेताला दिलात?"

"दिला. तुला कुणी सांगितलं?"

"फोटो बघितला आम्ही. आपल्या नोंदीतच आहे. तुमच्या मागं रागीला बांगड्या लटकल्यात, आणि खाली मी पेटीत बघितलेला तो मोरपंखी खण!" स्मृती हसत होती. "मग माझी ओटी?"

"येशील तेव्हा भरते," सोयराबाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून इतके सहज गेले की फोन ठेवल्यावर त्याच जरा वेळ त्या फोनकडे बघत राहिल्या.

त्या रविवारी गिरीराज आनेकलला आला. घरात न जाता तडक मागे गेला. पैज तो हरला होता. गोदामाचे नाव काढायचे नाही हे ठरलेलेच होते, आणि त्याने ते काढले नाही. पागेच्या कडेला तो थांबला. जेसीबीने नेलेल्या बांधाच्या जागी आईने ओळीने दगड मांडायला घेतले होते. शिवलीला तिला मदत करत होती, कारण तिला विचारायचे होते की बांध कुठल्या हाताकडून सुरू करतात.

गिरीराजने बूट काढले. मोजे काढले. अनवाणी पायांनी त्या थंड मातीवर तो अवघडून उभा राहिला.

"आई, ह्याला पागा म्हणतात?"

"म्हणतात."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

तो पिकलेल्या कणसांकडे वळला. मग एक पाय उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला.

"आत येऊ का?"

"अरे, तुझंच आहे की ते. विचारतोस काय?"

"म्हणूनच विचारतोय," गिरीराज म्हणाला.

शिवलीलाने हातातला दगड खाली ठेवला आणि त्याच्याकडे वळून पाहिले. त्या वेळी मात्र तिला काहीही विचारायचे नव्हते.